प्रत्येक 'प्रवेश बंद' सारखा नसतो

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात आम्ही चौघे अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातील पिरॅमिड लेक या वाळवंटी सरोवरावर दोन रात्री तंबू ठोकून राहिलो. चौघेही महाराष्ट्रातून इथे आलेले, चौघांच्याही घरातली परदेशात शिकायला किंवा नोकरीला आलेली ही पहिली पिढी. तिथे आमच्यात एक वाद झाला. तो परतल्यावरही संपला नाही. हा वाद आपल्या चळवळीतल्या तरुणांसमोर ठेवावा असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी खर्चाचे सांगतो, कारण भटकंती म्हटली की "हे श्रीमंतांचे चोचले" अशी प्रतिक्रिया आपल्याकडे हमखास येते. आमची गाडी जुनी, तंबू मित्राकडून मागून आणलेला, झोपायच्या पिशव्या सेकंडहँड. जेवणाला पोहे, पिठल्याचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि नूडल्सची पाकिटे. सॅन फ्रान्सिस्कोकडून रिनो शहर साधारण साडेतीनशे किलोमीटर आणि तिथून सरोवर आणखी पन्नास-साठ. हॉटेल नाही, गाईड नाही. पेट्रोल चौघांत वाटले. पैसे गेले ते पेट्रोलवर, पाण्याच्या कॅनवर आणि सरोवराच्या परवान्यावर.

आणि कमी पैशातली भटकंती आपल्या लोकांना कोणी शिकवायची गरज आहे का? १४ ऑक्टोबरला नागपूरला आणि ६ डिसेंबरला दादरला येणारी आपली माणसे काय करतात? फडक्यात भाकरी बांधून, मिळेल त्या गाडीने येतात, उघड्यावर झोपतात आणि वाचवलेल्या पैशांतून पुस्तके घेऊन घरी जातात. पाठीवर बोचके टाकून दूरच्या जागी जाणे हे आपल्या आयाबायांनी कधीच केले आहे. फक्त त्याला 'बॅकपॅकिंग' म्हणत नाहीत. उलट "शहर घाण करतात" म्हणतात. तेव्हा प्रवास हा आपला हक्क आहे याबद्दल आमच्यात वाद नव्हता. वाद वेगळाच होता.

तळे, नदी आणि कोरलेले खडक

पिरॅमिड लेक हे हिमयुगातल्या लाहोन्टन नावाच्या अवाढव्य सरोवराचा उरलेला तुकडा आहे. ट्रकी नदी लेक टाहोतून निघते, रिनोमधून वाहते आणि इथे येऊन संपते. या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. आत आलेले पाणी फक्त वाफ होऊन जाते, म्हणून ते खारट झाले आहे. सभोवार उघडे डोंगर, झाड शोधून सापडत नाही आणि मधोमध एवढे निळे पाणी की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण ते पिता येत नाही. तळ्याच्या काठावर बसून आम्ही दुकानातून आणलेल्या कॅनमधले पाणी मोजून पीत होतो. रात्री वारा सुटला आणि तंबूचे खुंटे वाळूत टिकेनात, तेव्हा आम्ही तेच कॅन चारी कोपऱ्यांना बांधले.

हे सरोवर पायूट लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. इंग्रजीत त्याला 'रिझर्व्हेशन' म्हणतात. "चला, इथे तरी रिझर्व्हेशनच्या नावाने कोणी नाक मुरडणार नाही," असे आमच्यातला एक जण म्हणाला. आम्ही हसलो. पण इथे रिझर्व्हेशनचा अर्थ जागा वाढवून देणे असा नाही. सगळा मुलूख घेतल्यावर उरलेला तुकडा असा आहे. १८६० साली याच परिसरात पायूटांनी गोऱ्यांच्या सशस्त्र जथ्याला हरवले आणि पुढच्याच महिन्यात मोठी फौज त्यांच्यावर चालून आली. १८७४ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने या राखीव प्रदेशावर अधिकृत शिक्का बसला. त्याच्या आदल्याच वर्षी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. ग्रँट हे त्याच मुक्तिसंग्रामातले सेनापती. एकाला मुक्त करणारा देश त्याच वेळी दुसऱ्याला कुंपणात घालत असतो, ही गोष्ट आपण लक्षात ठेवलेली बरी.

सरोवराच्या पूर्वेला डोंगराची एक रांग ओलांडली की विनेमुका लेक लागते. म्हणजे लागायचे. आता तिथे पाण्याचा थेंब नाही, कोरडे पांढरे मैदान आहे. या मेलेल्या तळ्याच्या पश्चिम काठावर चुनखडीचे मोठे खडक आहेत आणि त्यांवर खोल कोरलेली चित्रे: साखळीसारखे चौकट, झाडासारख्या रेघा, पानाच्या शिरांसारखे आकार. २०१३ साली लॅरी बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमातीच्या परवानगीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही चित्रे १४,८०० ते १०,५०० वर्षांपूर्वीच्या दरम्यानची आहेत. उत्तर अमेरिकेतील वय ठरवलेल्या कातळचित्रांत ती सर्वात जुनी मानली जातात.

हे वय पाण्यानेच सांगितले. सरोवर काठोकाठ भरून वाहत होते तेव्हा हे खडक पाण्याखाली होते. पाणी उतरले तेव्हाच माणसाला तिथे उभे राहून कोरता आले. पाण्यातल्या चुन्याची पुटे खडकावर बसली, त्या पुटांचे वय मोजले आणि कोरणारे हात कधी तिथे असू शकतात याचा हिशेब लागला.

तळे कोणी मारले?

विनेमुका लेक आपोआप आटले नाही. पिरॅमिड लेक भरले की जास्तीचे पाणी तिकडे जायचे. १९०२ साली अमेरिकेत वाळवंट भिजवून शेती करण्याचा कायदा झाला. त्याचे जनक नेवाडाचे लोकप्रतिनिधी फ्रान्सिस न्यूलँड्स. याच गृहस्थांनी पुढे १९१२ साली काळ्या लोकांचा मताधिकार काढून घेण्याची मागणी केली होती. त्यांच्या नावाच्या प्रकल्पासाठी १९०५ साली ट्रकी नदीवर डर्बी बंधारा उभा राहिला आणि नदीच्या पाण्याचा मोठा हिस्सा कालव्याने फॅलनकडच्या नव्या वसाहतींच्या शेतीकडे वळवला गेला.

पुढे काय झाले ते बघा. पिरॅमिड लेकची पातळी साधारण ८० फूट खाली गेली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस विनेमुका लेक पूर्ण कोरडे पडले. नदीच्या मुखाशी गाळाचा बांध उघडा पडला आणि अंडी घालायला नदीत चढणारे मासे अडले. इथला प्रचंड आकाराचा ट्राउट मासा १९४० च्या दशकात सरोवरातून नाहीसा झाला. क्वी-वी नावाचा मासा तर जगात फक्त याच सरोवरात आहे आणि इथल्या पायूटांचे स्वतःचे नाव त्यावरूनच आहे: क्वी-वी खाणारे. तोही नामशेष होण्याच्या काठावर गेला. ज्या माशावरून तुमचे नाव, तोच मासा संपवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

याच सरोवरातल्या अनाहो बेटाला १९१३ साली पेलिकन पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर केले गेले. बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले ते हेच वर्ष. पक्ष्यांना बेट मिळाले, पण पक्ष्यांचे आणि माणसांचे अन्न ज्या पाण्यात होते ते पाणी वर अडवलेलेच राहिले.

मग लोक न्यायालयात गेले नाहीत का? इथेच खरी मेख आहे. ट्रकीच्या पाण्याच्या वाटपाचा निवाडा १९४४ साली झाला. त्या खटल्यात जमातीची बाजू मांडली केंद्र सरकारने, आणि ज्या सिंचन प्रकल्पाने पाणी पळवले होते त्याची बाजूही त्याच केंद्र सरकारने. जमातीला शेतीपुरते पाणी मिळाले. माशांसाठी, सरोवरासाठी काही नाही. पुढे जमातीने हा निवाडा पुन्हा उघडायची मागणी केली, तेव्हा १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झाले ते अंतिम झाले.

बाबासाहेब गोलमेज परिषदेत "आमचे प्रतिनिधी आम्हीच" असा आग्रह का धरत होते, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी या खटल्याकडे बघावे. तुमचा कैवारी आणि तुमच्या विरोधकाचा वकील एकच असेल तर तुमच्या वाट्याला काय येते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. जमात मात्र थांबली नाही. स्वतःचे वकील, स्वतःचे तज्ज्ञ, दशकानुदशकांची लढाई यांतून १९९० साली पाणीवाटपाचा कायदा झाला आणि मासे वाचवण्यासाठी पाणी सोडणे बंधनकारक झाले. मेला असे समजलेल्या ट्राउटचा वंश दूरच्या एका डोंगरी ओढ्यात सापडला आणि तो पुन्हा या सरोवरात आणला गेला. विनेमुका लेक मात्र परत आले नाही.

आमचा वाद

आम्ही निघालो होतो ते ही कातळचित्रे बघायला. जागा लोकांसाठी खुली नाही, जमातीची परवानगी लागते, हे आम्हाला माहीत होते. पण आजकाल इंटरनेटवर काय मिळत नाही? आमच्यातल्या एकाकडे त्या जागेचे नेमके लोकेशन होते. रस्ता मैदानाच्या कडेने जातो, माणूस दिसत नाही, कुंपण नाही. "गाडी उभी करायची, चालत जायचे, अर्ध्या तासात परत. कोणाला कळणार आहे?"

पहिल्या रात्री यावरच बोलणे सुरू झाले. जाऊ या म्हणणारा हौशी पोरगा नव्हता, वाचणारा कार्यकर्ता होता. त्याचे म्हणणे असे: "आपण महाडची लेकरे. तळ्यावर जाऊ नका, देवळात येऊ नका, हे ऐकत ऐकत आपल्या पिढ्या गेल्या. आणि आज इथे 'प्रवेश बंद' ची पाटी दिसली की आपण मान तुकवायची? परंपरेच्या नावाने जागा बंद करणे तिथे चूक आणि इथे पवित्र, असे कसे? हा मानवजातीचा ठेवा आहे. तो एका जमातीचा कसा?"

प्रश्न सोपा नाही. त्यात आणखी भर घालता येते. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. आमच्यासारखीच सहल होती ती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर सगळ्यांनी हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी आतल्या पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवला गेला. प्राचीन दगड, पाणी आणि 'हात लावू नका': तिन्ही गोष्टी तिथेही होत्या. मग फरक काय?

आमच्या मते फरक तीन ठिकाणी आहे.

पहिला फरक, कोण कोणाला अडवतो. महाडमध्ये गाव, जमीन, सावकारी, धर्म ज्यांच्या हातात होते ते अडवत होते, आणि ज्यांच्या हातात काही नव्हते त्यांना अडवत होते. पिरॅमिड लेकवर ज्यांचे जवळजवळ सगळे गेले ते लोक उरलेला तुकडा राखत आहेत. पूर्व किनाऱ्यावरचा पिरॅमिड खडक आणि त्याशेजारची 'दगडी आई' यांचा परिसर जमातीने बंद केला, तो लोकांनी तिथे नासधूस केली, रंग फासले म्हणून. लेकरांच्या भांडणाने रडणाऱ्या आईच्या आसवांचे हे सरोवर झाले, अशी त्यांची कथा आहे. त्या आईच्या अंगावर कोणी स्वतःचे नाव लिहीत असेल तर तिच्या लेकरांनी काय करायचे?

दुसरा फरक, कशासाठी अडवतो. चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ च्या बोले ठरावाने आणि त्यानंतर महाड नगरपालिकेच्या ठरावाने ते सर्वांना खुले होते. तिथे जनावरे पाणी पीत, इतर धर्मांचे लोक पीत, फक्त आपल्या माणसाच्या ओंजळीने ते बाटत होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले ते माणूसपण सिद्ध करायला. पिरॅमिड लेकवर आम्हाला कोणी अपवित्र म्हटले नाही. परवाना घेतला, नेमलेल्या किनाऱ्यावर राहिलो. बंद जागेत नाही गेलो म्हणून आमचे माणूसपण तसूभर कमी झाले नाही. आम्हाला तिथे तहान लागली नव्हती. आम्हाला फोटो हवा होता. तहान आणि फोटो यांना एका मापाने मोजले तर महाडचाच अपमान होतो.

तिसरा फरक, दार कशाने उघडते. जातीचे दार कशानेच उघडत नव्हते. शिक्षणाने नाही, पैशाने नाही, बॅरिस्टर होऊन नाही. इथे विचारायची सोय आहे. अभ्यासकांनी विचारले, त्यांना परवानगी मिळाली आणि जगाला त्या चित्रांचे वय कळले. न विचारता जाणे आणि विचारून न मिळणे यांत फरक आहे, आणि आम्ही तर विचारलेही नव्हते.

यावर एक धोका आहे, तोही सांगतो. उद्या एखादी हाउसिंग सोसायटी म्हणेल, "आम्हीही आमची जागा राखतो, इतरांना घर देत नाही." हा युक्तिवाद चालणार नाही, कारण वरच्या तिन्ही कसोट्यांवर तो पडतो. तिथे बलवान अडवतो, जन्मावरून अडवतो, आणि राहायला छप्पर ही फोटोसारखी हौस नसते. दारावरची पाटी एकसारखी असू शकते. म्हणून पाटी वाचायची नाही, ती कोणी आणि कोणाविरुद्ध लावली ते वाचायचे.

"पण ही चित्रे त्यांच्या पूर्वजांची कशावरून?"

आणखी एक प्रश्न निघाला, आणि तो आम्हाला आमच्या घरापर्यंत घेऊन आला. दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरणारे लोक आजच्या पायूटांचे पूर्वज होते, हे कशावरून?

याच भागात फॅलनजवळच्या स्पिरिट केव्हमध्ये १९४० साली एक माणूस सापडला. चटईत गुंडाळून पुरलेला, सुमारे १०,६०० वर्षांपूर्वीचा. फॅलनच्या पायूट-शोशोनी जमातीने म्हटले, हा आमचा पूर्वज, आम्हाला परत द्या, आम्ही त्याला पुन्हा मातीत ठेवू. सरकारी खाते म्हणाले, नाते सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे भांडण चालले. शेवटी डीएनए तपासला तेव्हा तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्याच जवळचा निघाला. तो जमातीकडे परत आला आणि २०१८ साली त्याला पुन्हा मूठमाती मिळाली.

जमात जिंकली याचा आनंद आहे. पण आम्हाला प्रश्न पडला की डीएनए वेगळा निघाला असता तर? शतकानुशतके त्या जागेला जपणाऱ्यांचा हक्क एका प्रयोगशाळेच्या कागदाने गेला असता का?

आपल्यालाही हाच प्रश्न विचारतात. "तुम्ही छप्पन्न सालचे बौद्ध. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांशी तुमचा काय संबंध?" यावर आपले काही लोक रक्ताचा, वंशाचा पुरावा शोधत बसतात. ती वाट बाबासाहेबांची नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये त्यांनी वंशाच्या सिद्धांताची चिरफाड केली आहे. लेण्यांवरचा आपला हक्क रक्तातून येत नाही. तो आपण त्या विचाराशी जोडलेल्या नात्यातून येतो, आणि रविवारी झाडू घेऊन लेण्यांवर जाणाऱ्या, धम्मलिपी शिकून शिलालेख वाचणाऱ्या पोरापोरींच्या कामातून येतो. जो जपतो, ज्याला तो वारसा जगायला लागतो, त्याचा शब्द आधी. हे तत्त्व आपण लेण्यांसाठी मागत असू तर पायूटांना नाकारता येत नाही.

विनेमुका हे एका पायूट सरदाराचे नाव. त्याची मुलगी सारा विनेमुका हिने १८८३ साली आपल्या लोकांची कहाणी इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी स्त्रीने प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानतात. म्हणजे या लोकांनी आपले म्हणणे सांगितले नाही असे नाही. ऐकायची तयारी नव्हती.

मग आम्ही काय केले?

त्या कातळांकडे गेलो नाही. वादात हरलेला मित्र सकाळी म्हणाला, "पटले असे नाही, पण एकटा जाणार नाही." हेही चालते. चळवळीत सगळे एकदम पटायची वाट बघत बसलो तर काहीच होणार नाही. त्याने फोनमधले लोकेशन मात्र आमच्यासमोर पुसले.

दुसऱ्या दिवशी निक्सन गावातले जमातीचे संग्रहालय पाहिले. परतीच्या दिवशी थोडी वाट वाकडी करून फॅलनजवळच्या ग्राइम्स पॉइंटला गेलो. तिथे काळ्या दगडांवरची जुनी कोरीव चित्रे सर्वांना खुली आहेत, पायवाट आहे, तिकीट नाही. एकेका दगडावर वाटीसारखे खळगे आणि वळत गेलेल्या रेषा. आम्ही तासभर फिरलो, हात लावला नाही.

आपल्या तरुणांना एवढेच सांगायचे आहे. फिरा. कर्ज न काढता, लाज न बाळगता, पाठीवर पिशवी टाकून फिरा. पण स्वस्तात फिरणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने फिरणे नव्हे. ज्यांची जागा आहे त्यांचा परवाना बुडवून वाचवलेला पैसा हा बचतीचा नसतो. पाणी आपले आपण न्या, कचरा आपला आपण आणा, विकत घ्यायचे ते तिथल्या माणसाकडून घ्या. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे असोत की सह्याद्रीतले अनोळखी लेणे, नेमके लोकेशन रीलवर टाकण्याआधी तिथल्या गावाला विचारा.

आणि कुठे 'प्रवेश बंद' दिसला तर आधी विचारा: ही पाटी कोणी लावली? ती बलवानाने लावलेली असेल, माणसाला माणूस न मानण्यासाठी लावलेली असेल, तर महाडचा रस्ता आपल्याला माहीत आहे. ती लुटले गेलेल्याने उरलेले वाचवायला लावली असेल, तर पाटीच्या अलीकडे थांबणे हासुद्धा महाडचाच रस्ता आहे.

जय भीम!